मोबाईलने धंदा वाढतो का? केरळचा मासा, महाराष्ट्राचा एसएमएस आणि लोहाऱ्याचा पानठेला

"छोट्या व्यावसायिकांवर मोबाईल फोनचा परिणाम: एक अभ्यास." पीएचडीच्या तयारीत असलेल्यांमध्ये या विषयाला सध्या चांगलीच मागणी आहे. अर्थशास्त्र, वाणिज्य, व्यवस्थापन, संगणकशास्त्र, कोणत्याही शाखेत तो बसतो. माहिती गावातच गोळा होते, खर्च फारसा नाही, आणि विषय उपयोगी आहे हे आरआरसीला वेगळं पटवून द्यावं लागत नाही. साचाही तयार आहे: शंभर दुकानदार, वीस प्रश्न, "पूर्ण सहमत" ते "पूर्ण असहमत" असे पाच पर्याय, त्यावर काय-स्क्वेअर चाचणी, आणि शेवटी निष्कर्ष की मोबाईलमुळे व्यवसायात सकारात्मक बदल झाला.

अशा सिनॉप्सिसच्या साहित्य आढाव्यात एक पेपर हमखास असतो. केरळचे मासेमार, हातात मोबाईल, समुद्रातूनच भाव विचारला, नफा वाढला. दोन ओळींत संदर्भ देऊन होतो आणि पुढच्याच परिच्छेदात आपण आपल्या तालुक्यात येतो. केरळात झालं ते इथेही होणारच, असं गृहीत धरून.

माझं म्हणणं असं आहे की हा पेपर फार चांगला आहे आणि आपण तो फार वाईट वाचतो. निष्कर्ष उचलतो आणि ज्या अटींवर तो उभा आहे त्या तिथेच ठेवून येतो. आपल्याच महाराष्ट्रात झालेला, जवळजवळ उलट निकाल देणारा पेपर तर उघडतही नाही. हे दोन्ही शेजारी ठेवून वाचले की सिनॉप्सिसचा मूळ प्रश्नच बदलावा लागतो. कसा, ते बघू.

केरळचा पेपर नेमकं काय सांगतो?

रॉबर्ट जेन्सन यांचा 'द डिजिटल प्रोव्हाइड' हा पेपर २००७ मध्ये 'क्वार्टर्ली जर्नल ऑफ इकॉनॉमिक्स'मध्ये आला. उत्तर केरळच्या किनाऱ्यावरचे १५ मासळी बाजार, ३०० नावा, १९९६ ते २००१ अशी जवळपास पाच वर्षं, आणि दर आठवड्याला नोंद. मासा एकच, सार्डिन. कोकणात तारली म्हणतात तो.

पेपरच्या सुरुवातीलाच एका दिवसाची नोंद आहे. १४ जानेवारी १९९७. बडगरा किनाऱ्यावर ११ मासेमारांना गिऱ्हाईकच मिळालं नाही, त्यांनी मासा टाकून दिला. त्याच सकाळी तिथून १५ किलोमीटरच्या आत असलेल्या बाजारांत २७ खरेदीदार मासा न मिळाल्यामुळे रिकाम्या हाताने परतत होते. माल होता, गिऱ्हाईकही होतं, पण दोघांना एकमेकांचा पत्ता नव्हता.

असं व्हायचं कारण साधं आहे. बाजार पहाटे काही तासच चालतो. इंधनाचा खर्च आणि वेळ बघता नाव दिवसाला एकाच किनाऱ्याला लागू शकते. कुठल्या किनाऱ्यावर आज मासा कमी आहे हे समुद्रात बसून कळत नाही, म्हणून प्रत्येक जण आपल्या गावच्याच बाजारात जातो. मग मोबाईल आला. टॉवर किनाऱ्यालगत असल्यामुळे सिग्नल समुद्रात २०-२५ किलोमीटरपर्यंत मिळायचा. मासेमार किनाऱ्याला लागण्याआधीच दोन-चार ठिकाणी फोन करून भाव विचारू लागले.

परिणाम काय झाला? बाजाराबाजारांतल्या भावांमधली तफावत एकदम खाली आली. आधी दिवसाच्या माशापैकी ५ ते ८ टक्के वाया जायचा, ती नासाडी थांबली. मासेमारांचा नफा सरासरी ८ टक्के वाढला आणि गिऱ्हाईकाला मासा ४ टक्के स्वस्त मिळाला. विकणारा आणि घेणारा दोघांचाही फायदा. म्हणून तर हा पेपर जगभर गाजला.

आपण त्यातून काय शिकत नाही

आपण आकडे लक्षात ठेवतो: ८ टक्के, ४ टक्के. पद्धतीकडे बघत नाही. आणि संशोधनाची तयारी करणाऱ्याला खरं शिकण्यासारखं आहे ते पद्धतीतच.

पहिली गोष्ट. मोबाईल सगळीकडे एकदम आला नाही. किनाऱ्याच्या तीन पट्ट्यांत तो १९९७, १९९८ आणि २००० असा टप्प्याटप्प्याने आला. समजा जेन्सन यांनी फक्त "आधी आणि नंतर" अशी तुलना केली असती, तर कुणीही विचारलं असतं: त्या वर्षी मासाच जास्त लागला असेल तर? डिझेलचा भाव पडला असेल तर? पण एका पट्ट्यात मोबाईल आला तेव्हा शेजारच्या पट्ट्यात तो नव्हता. समुद्र तोच, हंगाम तोच, डिझेल तेच. मग जिथे टॉवर उभा राहिला तिथेच, आणि त्याच सुमारास, भाव जवळ आले असतील तर कारण टॉवरकडे बोट दाखवतं. डिफरन्स-इन-डिफरन्सेस म्हणून आपण नेटच्या तयारीत व्याख्या पाठ करतो ना, ती पद्धत कामाला कशी लावायची हे इथे दिसतं.

दुसरी गोष्ट. त्यांनी मासेमाराला "मोबाईलने फायदा झाला असं वाटतं का?" असं विचारून निष्कर्ष काढला नाही. कुठे विकला, किती विकला, काय भावाने, किती टाकून दिला, हे मोजलं. मत आणि मोजमाप यांत फरक आहे. आपल्या पाच पर्यायांच्या प्रश्नावलीत सगळं मतच असतं. आपल्याकडच्या दुकानदाराला तुम्ही विचारलं की मोबाईलने फायदा होतो का, तर तो म्हणेल, "होते ना, काऊन नाही होत." तुम्ही एवढ्या उन्हात आला आहात, हातात फाईल आहे, तो नाही कशाला म्हणेल? त्या "होते ना"ला आपण पाचपैकी चार गुण देतो आणि टक्केवारी काढतो.

तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. त्यांनी एकेक नाव बघून सोडून दिलं नाही, पूर्ण बाजार बघितला. एका दुकानदाराचं गिऱ्हाईक वाढलं आणि शेजारच्याचं तेवढंच कमी झालं, तर गावाचा धंदा वाढला का? नाही, फक्त सरकला. शंभर दुकानदारांच्या सर्वेक्षणात हे कधीच दिसत नाही. त्यात जे दुकान बंद पडलं त्याचा मालक तर आपल्या नमुन्यात येतच नाही. आपण उरलेल्यांनाच विचारतो की कसं चाललंय, आणि उरलेले म्हणतात बरं चाललंय.

तीन अटी

आता पेपरच्या निकालाकडे टीकेच्या नजरेने बघू. केरळात मोबाईलने चमत्कार केला असं म्हणण्याआधी तिथे आधीपासून काय होतं ते बघायला हवं.

एक, मासा नासतो. साठवण नाही, बर्फ नाही, सकाळी विकला नाही तर शून्य. म्हणून योग्य वेळी मिळालेल्या माहितीची किंमत फार मोठी.

दोन, नाव हलते. माहिती मिळाल्यावर विकणारा स्वतः दुसऱ्या बाजाराला जाऊ शकतो. भाव कळला पण जागेवरून हलता येत नसेल, तर तो भाव कळून उपयोग काय?

तीन, विकणारा मोकळा असावा लागतो. जेन्सन यांनी बघितलेल्या किनाऱ्यावर लिलाव व्हायचा आणि नाव कुठेही लागू शकायची. पण विकणाऱ्याने आधीच उचल घेतली असेल आणि माल त्याच माणसाला द्यायचा असं ठरलेलं असेल, तर दुसरीकडचा भाव फक्त ऐकायचा. जानकी श्रीनिवासन आणि जेना बरेल यांनी २०१३ मध्ये केरळच्याच मासेमारांकडे पुन्हा वळून हाच मुद्दा पुढे आणला: नुसत्या भावाच्या माहितीने गोष्ट पूर्ण होत नाही. नाव कोणत्या प्रकारची, लिलाव कुणाच्या हातात, पैसा कुणी लावलेला, या गोष्टी जागोजागी वेगळ्या असतात आणि फोनचा उपयोगही त्याप्रमाणे बदलतो.

यवतमाळ जिल्ह्यातल्या वाचकाला ही तिसरी अट समजावून सांगायची गरज नाही. अडत्याकडून हंगामाआधी पैसे घेतले असतील तर कापूस कुठे जाणार हे पेरणीच्या वेळीच ठरलेलं असतं. मोबाईलमध्ये दहा बाजार समित्यांचे भाव दिसत असले तरी.

जेन्सन यांच्या पेपरचा दोष म्हणाल तर तो एवढाच की निकाल इतका स्वच्छ आला की वाचणारे अटी विसरले. हा दोष लेखकापेक्षा आपलाच जास्त आहे.

महाराष्ट्रातला पेपर, जो आपण वाचत नाही

२००७ मध्येच रॉयटर्सने महाराष्ट्रात 'रॉयटर्स मार्केट लाइट' ही सेवा सुरू केली. शेतकऱ्याने वर्गणी भरायची, आणि त्याच्या मोबाईलवर त्याच्या पिकाचे बाजारभाव, हवामानाचा अंदाज आणि पिकाचा सल्ला एसएमएसने यायचा. कल्पना अगदी केरळच्या गोष्टीतून उचलल्यासारखी: माहिती द्या, भाव वाढेल.

मार्सेल फाफशां आणि बार्ट मिन्टन या अर्थशास्त्रज्ञांनी हे तपासायला प्रयोग केला. महाराष्ट्रातली १०० गावं घेतली. टोमॅटो, डाळिंब, कांदा, गहू आणि सोयाबीन अशी पाच पिकं. काही गावांतल्या शेतकऱ्यांना वर्षभराची सेवा फुकट देऊ केली, काही गावांना नाही. कुणाला द्यायची ते चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवलं, म्हणजे यादृच्छिक पद्धतीने. पेपर २०१२ मध्ये 'वर्ल्ड बँक इकॉनॉमिक रिव्ह्यू'मध्ये छापून आला.

निकाल? शेतकऱ्याला मिळालेल्या भावावर सरासरी परिणाम, सांख्यिकीदृष्ट्या दखल घ्यावा असा, काहीच नाही. पावसाने होणाऱ्या नुकसानीवर नाही, पिकाचं वाण किंवा मशागतीची पद्धत बदलण्यावर नाही. कोणत्या बाजारात विकायचं आणि मालाची प्रतवारी करायची की नाही, यांत थोडा फरक दिसला, पण तोही लहान.

हा पेपर आपल्या साहित्य आढाव्यात का नसतो? माझ्या मते कारण सरळ आहे. "परिणाम नाही" हा निकाल आपल्या निष्कर्षाच्या वाटेत येतो. आढाव्यात आपण साक्षीदार गोळा करतो, विरुद्ध बोलणाऱ्याला बोलावत नाही. खरं तर विरुद्ध निकाल देणारा पेपर सापडला की आनंद व्हायला हवा, कारण तुमच्या प्रबंधाला जागा त्या दोन पेपरांच्या मधल्या फटीतच मिळणार असते.

पण थांबा. हा पेपरही डोळे मिटून वाचायचा नाही. तीन गोष्टी तपासा.

पहिली, तुलना कशाची कशाशी? एसएमएस यायला मोबाईल असावाच लागतो. म्हणजे सेवा मिळालेला शेतकरी आणि न मिळालेला शेतकरी, दोघांकडेही फोन असणार. ज्याला एसएमएस आला नाही तो मेहुण्याला फोन करून भाव विचारू शकत होताच. तेव्हा या पेपरवरून "मोबाईल निरुपयोगी" असं म्हणता येत नाही. एवढंच म्हणता येतं की मोबाईल आधीच असताना त्यावर आणखी एक एसएमएस सेवा दिली तर भावात विशेष भर पडली नाही. केरळात "फोन नाही" विरुद्ध "फोन आहे" अशी तुलना होती. प्रश्नच वेगळे, मग उत्तरं वेगळी येणारच.

दुसरी, देऊ केलं म्हणजे वापरलं का? ज्यांना सेवा फुकट देऊ केली त्यांच्यातल्या सगळ्यांनी ती वापरली नाही. अशा वेळी दोन वेगळे हिशेब करावे लागतात: ज्यांना देऊ केली त्या सगळ्यांवरचा परिणाम, आणि ती मिळाल्यामुळे ज्यांनी खरोखर वापरली त्यांच्यावरचा परिणाम. पहिला हिशेब धोरण ठरवणाऱ्याच्या कामाचा, कारण योजना आणली की वापर अर्धवटच होतो. दुसरा हिशेब सेवेची ताकद सांगतो. आणि फक्त वापरणाऱ्यांची तुलना न वापरणाऱ्यांशी केली तर फसगत होते, कारण जो हौसेने वापरतो तो मुळातच धडपड्या असतो. आपल्या प्रश्नावलीत "व्हॉट्सअॅप वापरणारे दुकानदार" आणि "न वापरणारे दुकानदार" अशी तुलना करताना नेमकं हेच होतं. धडपड्या माणसाची विक्री आपण व्हॉट्सअॅपच्या खात्यात जमा करतो.

तिसरी, सरासरी शून्य म्हणजे प्रत्येकाला शून्य असं नाही. टोमॅटोवाल्याची घाई आणि गहूवाल्याची सवड सारखी नसते. म्हणून असे पेपर वाचताना सरासरीच्या ओळीवर थांबायचं नाही, पिकानुसार आणि गटानुसार दिलेल्या तक्त्यांपर्यंत जायचं.

छोट्या व्यवसायांबद्दल काय माहीत आहे

मासेमार आणि शेतकरी झाले. दुकानं, गॅरेज, टपऱ्या यांचं काय? जोनाथन डोनर आणि मार्सेला एस्कोबारी यांनी २०१० मध्ये विकसनशील देशांतल्या सूक्ष्म आणि लघु व्यवसायांवरच्या १४ अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला. त्यांचा निष्कर्ष मला या सगळ्या साहित्यातला सगळ्यात उपयोगी वाटतो: मोबाईलचा फायदा मुख्यतः आधीपासून असलेल्या व्यवसायांना होतो, नवे व्यवसाय त्याने उभे राहिल्याचा पुरावा कमी. आणि मोबाईल हा मालाचे, माहितीचे जे प्रवाह आधीच वाहत असतात त्यांना वाढवतो, त्यांची दिशा बदलतो असं फारसं दिसत नाही.

सोप्या भाषेत, ज्याच्या ओळखी आहेत त्याचे फोन जास्त वाजतात. ज्याला ठोक व्यापारी ओळखतच नाही त्याच्या हातात फोन दिल्याने उधारीवर माल मिळायला लागत नाही. आपल्या सिनॉप्सिसमध्ये "क्रांती" हा शब्द लिहिण्याआधी हे वाक्य आठवावं.

आता लोहाऱ्यात या

यवतमाळ शहराला लागून असलेल्या लोहाऱ्याबद्दल बोलतेय, धाराशिव जिल्ह्यातला लोहारा तालुका वेगळा. इथे एमआयडीसी आहे, डेनिमचा मोठा कारखाना आहे, अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. कारखान्यातला कामगार आणि बाहेरगावचा विद्यार्थी असं दुहेरी गिऱ्हाईक जिथे असतं तिथे छोटे धंदे उभे राहतातच: पानठेले, चहाच्या टपऱ्या, मेस, झेरॉक्स, डेली नीड्स, दुचाकीचं गॅरेज. "छोटे व्यावसायिक" या एका शब्दात आपण हे सगळे कोंबतो. वर सांगितलेल्या तीन अटी त्यांना लावून बघा.

पानठेला घ्या. मालावर छापील किंमत आहे, भाव विचारायला कुठे फोन करायचा नाही. ठेला एका जागी आहे, तो गिऱ्हाईकाकडे जात नाही. म्हणजे केरळची एकही अट इथे लागू नाही. तरी ठेल्यावर क्यूआर कोड आहे आणि पैसे आल्याची घोषणा करणारा साउंडबॉक्स आहे. मग तो काय काम करतो? चिल्लरची अडचण सोडवतो. दहा रुपयांसाठी पाचशेची नोट घेऊन आलेलं गिऱ्हाईक परत जात नाही. मोजायचं असेल तर हे मोजा.

गॅरेज घ्या. गाडी उघडून ठेवली आहे, एक पार्ट लागतो, तो यवतमाळात मिळतो की अमरावती-नागपूरहून मागवावा लागतो ते माहीत नाही. आधी माणूस पाठवावा लागायचा. आता पार्टचा फोटो व्हॉट्सअॅपवर जातो, दहा मिनिटांत कळतं. फुकट गेलेली फेरी वाचली. हे केरळच्या नावेच्या बरंच जवळचं उदाहरण आहे: चुकीच्या ठिकाणी जाणं वाचवलं. इथे परिणाम दिसायला हवा, आणि तो गाडी किती तास उघडी पडून राहिली या साध्या आकड्यात मोजता येतो.

डेली नीड्स घ्या. व्हॉट्सअॅपवर यादी येते, मुलगा सामान घरी पोहोचवतो, विक्री वाढते. पण त्या गल्लीतली घरं तेवढीच आहेत, त्यांचा किराणा तेवढाच आहे. इथे वाढलेली विक्री बहुधा शेजारच्या दुकानातून आलेली असणार. एकाच दुकानात जाऊन हे कळणार नाही, पूर्ण गल्ली मोजावी लागेल.

एकाच गावात तीन दुकानं आणि तीन वेगळी यंत्रणा. या तिघांची सरासरी काढली तर काय मिळेल? महाराष्ट्राच्या पेपरसारखं कदाचित काहीच नाही. आणि ते "काहीच नाही" बरोबर असूनही कुणाच्या उपयोगाचं नसेल.

तारेशिवाय नेमकं काय येतं?

मी विज्ञानाची, त्यामुळे हा प्रश्न मला आधी सुचतो: हवेतून येणारा संदेश आहे तरी कसला?

केरळात तो भाव होता, जो विक्रीच्या आधी लागतो. महाराष्ट्राच्या प्रयोगात तो भाव, हवामान आणि सल्ला होता. लोहाऱ्याच्या ठेल्यावर तो पैसे मिळाल्याची खात्री आहे, जी विक्रीच्या शेवटी लागते. ठेल्यावरचा क्यूआर तर नुसता छापील कागद आहे, त्याला नेटवर्क लागत नाही. नेटवर्क लागतं गिऱ्हाईकाच्या फोनला. व्यवहार बँकांमध्ये होतो आणि सेवा देणाऱ्या कंपनीकडून साउंडबॉक्सला संदेश येतो. त्या डब्यात त्याचं स्वतःचं सिम असतं, दुकानदाराच्या फोनशी त्याचा संबंध असायची गरज नाही. म्हणून डबा गप्प राहिला तरी पैसे जमा झालेले असू शकतात.

हे समजून घेतलं की प्रश्नावली आपोआप बदलते. "इंटरनेटचा वेग समाधानकारक आहे का?" हा प्रश्न निरर्थक ठरतो. कुणाचं इंटरनेट, गिऱ्हाईकाचं की डब्याचं? त्याऐवजी गर्दीच्या वेळी, शिफ्ट सुटल्यावर, खात्री यायला किती सेकंद लागतात, किती वेळा दुकानदार "राहू द्या, उद्या द्या" म्हणतो, आणि त्यातले किती पैसे उद्या येतात, हे विचारता येतं. नोंदवहीत टिपता येतं.

यूपीआयचा आकडा म्हणजे धंदा नाही

आणखी एक मोह. यूपीआय २०१६ मध्ये सुरू झालं. ऑगस्ट २०२३ मध्ये पहिल्यांदा एका महिन्यात १,००० कोटींहून जास्त व्यवहार झाले. हे आकडे पहिल्या प्रकरणात टाकायचे आणि पुढे "डिजिटल व्यवहार वाढले म्हणजे व्यवसाय वाढला" असं गृहीत धरायचं. पण जो पैसा आधी गल्ल्यात पडायचा तो आता खात्यात पडतो, एवढाही त्याचा अर्थ असू शकतो. गिऱ्हाईक तेच, चहा तेवढाच.

आणि खात्यात पडलेला पैसा दिसतो. जुलै २०२५ मध्ये कर्नाटकात वाणिज्य कर विभागाने यूपीआय व्यवहारांच्या आधारे छोट्या व्यापाऱ्यांना जीएसटीच्या नोटिसा पाठवल्या, तेव्हा बेंगळुरूतल्या अनेक दुकानांतून क्यूआर कोड उतरले आणि "फक्त रोख" अशा पाट्या लागल्या. मालाच्या विक्रीला वर्षाला ४० लाख आणि सेवेला २० लाख ही नोंदणीची मर्यादा आहे. त्या आठवड्यात कुणी डिजिटल व्यवहार मोजून धंदा मोजला असता तर त्याला वाटलं असतं बाजार बसला. बाजार तिथेच होता. साधन बदललं की मोजमाप बदलतं, ही गोष्ट दोन्ही दिशांनी खरी आहे.

या बाबतीत एक पेपर आवर्जून वाचा. निकोला क्रूझे, अपूर्व गुप्ता आणि फिलिप्पो मेझानोत्ती यांनी ८ नोव्हेंबर २०१६ च्या नोटबंदीचा उपयोग करून मोबाईल वॉलेटचा प्रसार अभ्यासला ('जर्नल ऑफ पोलिटिकल इकॉनॉमी', २०२३). रोकडटंचाईचा फटका सगळ्या जिल्ह्यांना सारखा बसला नाही. चलनतिजोरी असलेल्या बँकांचा जिल्ह्यातला वाटा किती, यावर तो अवलंबून होता. या फरकाचा त्यांनी तसाच उपयोग केला जसा जेन्सन यांनी टॉवरच्या तारखांचा केला. रोकड परत आल्यावरही वॉलेटचा वापर टिकून राहिला, कारण आजूबाजूचे वापरतात म्हणून आपणही वापरतो, असं ते दाखवतात. बघा, त्यांनी "धंदा वाढला" असा दावा केलेला नाही. "वापर वाढला आणि टिकला" असा केला आहे. दोन्हींतलं अंतर सांभाळायला शिकलो तरी पुष्कळ झालं.

मग सिनॉप्सिस कसं लिहायचं?

विषय सोडून द्या असं मी म्हणत नाही. विषय उत्तम आहे, प्रश्न बारीक करा. संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठात असा किंवा कोणत्याही विद्यापीठात असा, लिहायला बसण्याआधी या पाच प्रश्नांची उत्तरं एका पानावर लिहून बघा.

१. या धंद्याची नेमकी अडचण कोणती? भाव माहीत नाही, माल मिळत नाही, चिल्लर नाही, उधारी वसूल होत नाही, की गिऱ्हाईकच नाही?

२. ती अडचण माहिती मिळाल्याने सुटणारी आहे का? उधारी ही माहितीची अडचण नाही. कुणाकडे किती बाकी आहे हे दुकानदाराला तोंडपाठ असतं.

३. माहिती मिळाल्यावर वेगळं वागायची मोकळीक त्याला आहे का? की माल ज्याच्याकडून उधारीवर येतो त्याच्याकडूनच घ्यावा लागतो?

४. तुलना कुणाशी? "मोबाईल नाही" असा दुकानदार आता सापडणं अवघड. म्हणून मोबाईलच्या असण्या-नसण्याचा नाही, एखाद्या बदलाचा अभ्यास करा: नवा टॉवर, साउंडबॉक्स बसवल्याचा दिवस, एखाद्या सेवेवर लागू झालेलं शुल्क. बदल कुणाकडे आधी आला, कुणाकडे नंतर, याची तारीखवार यादी करा.

५. एका दुकानाचा फायदा दुसऱ्याच्या तोट्यातून तर आला नाही ना? मग नमुना शंभर विखुरलेल्या दुकानांचा घ्यायचा की एका रस्त्यावरच्या सगळ्या दुकानांचा? बंद पडलेल्यांची नोंद कुठून मिळवायची?

एवढं केलं की शीर्षक आपोआप लहान होतं. "छोट्या व्यावसायिकांवर मोबाईलचा परिणाम" याच्या जागी "लोहारा-यवतमाळ परिसरातील दुचाकी दुरुस्ती व्यवसायात सुटे भाग शोधण्यास लागणारा वेळ आणि मोबाईलवरील छायाचित्रांचा वापर" असं काहीतरी येतं. ऐकायला कमी भारी वाटेल, आणि आरआरसीत एखादे सर म्हणतील की व्याप्ती फार छोटी आहे. त्यांना जेन्सन यांचा पेपर दाखवा. एक मासा, एक किनारा, पाच वर्षं.

आणि ज्यांच्याकडून माहिती घेणार त्यांचाही विचार करा. गॅरेजवाला ग्रीस लागलेले हात पुसून तुमच्या वीस प्रश्नांना अर्धा तास देतो, त्या वेळात त्याचं एक गिऱ्हाईक निघून जाऊ शकतं. त्याला आधीच माहीत असलेलं उत्तर टक्क्यांत मांडून परत देण्यासाठी तो अर्धा तास घेऊ नये. त्याला माहीत नसलेलं काही, म्हणजे वर्षभरात त्याच्या किती फेऱ्या वाचल्या, कोणत्या पार्टसाठी अजूनही वाया जातात, एवढं जरी प्रबंधातून निघालं, तरी ते पान त्याला वाचून दाखवता येईल.